मागे जागा नसलेली सायकल

फाल्गुनात आमच्या पेडण्याकडच्या गावात ढोल आणि दहावीची परीक्षा एकदमच येतात. देवळासमोरच्या मांडावर शिगम्याची तालीम सुरू झाली की कोणाची तरी आई पदर खोचून येते आणि सांगते, पोराचा उद्या गणिताचा पेपर आहे, जरा हळू. ढोल हळू वाजवता येत नाही. मग पोरं ढोल उचलून काजूच्या बागेकडे जातात आणि तिथून तो आवाज ओल्या कपड्यात गुंडाळल्यासारखा येत राहतो. झाडाखाली पहिले बोंडू पडलेले असतात, त्यांचा आंबूस वास अंगणापर्यंत येतो. डोक्यावरून अधूनमधून एखादं विमान मोपाच्या सड्यावर उतरायला खाली झुकतं. त्याचा आवाज आला की माझा थोरला भाऊ बाबलदादा मान वर करतो. त्याला ते दिसत नाही. एका डोळ्याने काहीच नाही, दुसऱ्याने उजेड तेवढा. तरी मान वर करतो.

मी त्याच्यासमोर बसलेला असतो. आणि दर वर्षी याच दिवसांत मला पुण्यातला एक फाल्गुन आठवतो. त्यात ढोल नव्हते, मोहर नव्हता. परीक्षा होती आणि भाड्याच्या सायकली होत्या. त्या दिवसांबद्दल मी कोणाशी नीट बोललो नाही. आज लिहितो आहे ते एवढ्यासाठी की माझ्या भावाबद्दल पुण्यात एक गोष्ट चुकीची माहीत आहे, आणि ती मी चुकीची राहू दिली. तो ऐकतो-बोलतो आहे तोवर ती दुरुस्त व्हायला हवी.

त्या वर्षी नात सई दहावीला होती. बायको गेल्यावर मी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. उंचावरचा फ्लॅट, खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांतून कबुतरं आत बघायची. परीक्षेचं घर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. टीव्हीवर कापड टाकलं होतं. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून सूनबाई भात पातेल्यात शिजवायची. मला सकाळी खोकल्याची उबळ येते, ती मी बाथरूममध्ये नळ सोडून काढायचो. कोणी मला काही म्हणत नव्हतं. पण मी खुर्ची सरकवली की तीन माना माझ्याकडे वळायच्या आणि लगेच परत फिरायच्या.

त्याच सुमाराला सोसायटीच्या फाटकाबाहेर फूटपाथवर पांढऱ्या रंगाचा चौकोन आखला गेला आणि त्यात सायकलींची रांग उभी राहिली. सगळ्या एका रंगाच्या, एका मापाच्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या. मागच्या चाकाला कुलूप. दोन पेपरांमधल्या सुट्टीच्या दिवशी सईने मला ते शिकवलं.

"आजोबा, हा ठिपक्यांचा चौकोन आहे ना, त्यावर फोन धरायचा. मग कुलूप उघडतं."

"किल्ली कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही. ती सगळ्यांची सायकल आहे."

"सगळ्यांची म्हणजे कोणाची?"

"आजोबा, माझा भूगोल राहिलाय."

टक् करून कुलूप सुटलं. मी कित्येक वर्षांनी सायकलवर बसलो होतो. पाय जड होते, पण पॅडल फिरलं आणि चाकाखालचा रस्ता सरकू लागला, तेव्हा मला पहिल्यांदा मोठ्याने खोकता आलं. कर्वे रस्ता, मग आतल्या गल्ल्या, मग नदीकाठ. जिथे जायचं तिथे जायचं, तिथल्या चौकोनात सायकल सोडायची, पायी हिंडायचं, आणि परतताना दुसरी घ्यायची. तिच्यावर अगोदर कोण बसलं होतं ते ठाऊक नसायचं. सीट कधी फार वर, कधी फार खाली. एकदा हँडलच्या टोपलीत कोणाची तरी बांगडी होती. ती मी तिथेच ठेवली.

फोनमध्ये शहराचा नकाशा असायचा आणि त्याभोवती एक लाल रेघ. मला त्या रेघेचं महत्त्व एका दुपारी कळलं. मी नदीच्या कडेकडेने बराच पुढे गेलो होतो. तिथे शेतं लागली, ज्वारी उभी होती, एक माणूस बैल धूत होता. मी सायकल झाडाला टेकवली, कुलूप लावलं, बसलो. फोन वाजला. तुमची फेरी संपलेली नाही. कुलूप पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तुम्ही हद्दीबाहेर आहात, फेरी संपवण्यासाठी सायकल हद्दीत आणा. मी त्या माणसाला विचारलं, ही इथेच ठेवली तर काय होईल? तो म्हणाला, "काय नाय व्हनार बाबा, फक्त तुमचं मीटर चालूच राहील." मी उठलो आणि परत पॅडल मारू लागलो. वाटेत मनात एक विचार आला. दाव्याला बांधलेल्या गुराला दावं किती लांब आहे ते रोज माहीत नसतं, एखाद्याच दिवशी कळतं.

माझं दावं कुठलं होतं ते आता सांगतो.

गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागे बसवून भाडं नेणारा माणूस. काळी मोटारसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं. बसस्टँडवर, तिठ्यावर, बाजाराच्या तोंडाशी ते उभे असतात. कोणी आजारी पडलं, कोणाची बस चुकली, कोणाला भाताचं पोतं न्यायचं, तर लोक म्हणतात, पायलट कर. लहान पोरालाही ह्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नसतो. माझा भाऊ बाबल पेडण्याच्या स्टँडवरचा पायलट होता. माझी म्हापशाची परीक्षा त्याच्या मागे बसून झाली. कोलवाळची नदी ओलांडून जाताना मी त्याच्या पाठीवर पुस्तक उघडं टेकवून वाचायचो, आणि खड्डा आला की तो ओरडून सांगायचा, "पान धर." परीक्षा संपेपर्यंत त्याच्या शर्टाच्या पाठीला माझ्या बोटांची शाई लागलेली असायची. वहिनी ती घासून काढायची.

नोकरीला पुण्यात आलो. पहिल्याच दिवशी दुपारच्या डब्याला कोणीतरी विचारलं, घरी कोण कोण? मी सांगितलं. भाऊ काय करतात? मी म्हणालो, पायलट आहे. ज्याने अगोदर मला स्टुलावर बसवलं होतं त्याने आपली खुर्ची दिली. मला काही कळलं नाही. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर बरोबर राहणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "परदेशात जातात का रे?" तेव्हा उलगडा झाला.

पहिल्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी डबा उघडण्याअगोदर सांगून टाकता आलं असतं, सगळे हसले असते, मीही हसलो असतो. मी गप्प बसून त्या खुर्चीवर बसलो. नंतर ते माझ्या मागोमाग सगळीकडे आलं. लग्नाच्या बोलणीत आलं, सोसायटीत आलं. बायकोला लग्नानंतर गावी गेल्यावर कळलं. ती मला एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगा, मी सांगणार नाही." मी सांगितलं नाही. मुलाला ठाऊक होतं, पण मी गप्प म्हणून तोही गप्प. सईपर्यंत ते खरं होऊनच पोचलं. पुण्यात गोवेकरांचं एक मंडळ होतं, चवथीला सगळे जमायचे. मी कधी गेलो नाही. तिथे पायलट म्हटल्यावर कोणी खुर्ची दिली नसती. खुर्चीचं सोडा, मला गावच्या बोलीत दोन शब्द बोलायला माणूस नव्हता, आणि जिथे ती माणसं होती तिथे मला जाता येत नव्हतं. एवढं मोठं शहर, पण माझ्यापुरती त्याला एक लाल रेघ होती.

त्या फाल्गुनात दादाचा फोन आला. डोळ्याची शस्त्रक्रिया करायची आहे, म्हापशाच्या डॉक्टरने पुण्याचं नाव सांगितलं आहे. मी म्हटलं, सईची परीक्षा आहे. तो म्हणाला, "मी आवाज करूचो नाय."

त्याने खरंच आवाज केला नाही. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, आणि तो गॅलरीत मोडा घेऊन बसला. गावाहून आणलेले पाव, आमचे उंडे, दुसऱ्या दिवशी कडक झाले तरी चहात बुडवून तेच खायचा. मी त्याला खाली जाऊ दिलं नाही. धूळ आहे, डोळ्याला वाईट. लिफ्टमध्ये गर्दी असते, धक्का लागेल. सगळी कारणं खरी वाटावीत अशी होती. स्वतः मात्र रोज खाली जायचो.

"वासू," एकदा तो वरून त्या रांगेकडे बघत म्हणाला, "त्या सायकली कोणाच्या?"

"भाड्याच्या. कोणीही घ्यायची, कुठेही सोडायची."

"चालवणारो कोण?"

"ज्याला जायचं आहे तोच."

"आणि मागे बसूंक जागा?"

"मागे जागा नाही. कॅरिअरच नाही."

त्याने पुन्हा खाली वाकून बघितलं. "मग भाडां कोणाचां घेतत? मनशाक नेतच नाय तर."

मी म्हटलं, दादा, शहरात असंच. ज्याला त्याला एकट्याला जायचं असतं. तो म्हणाला, "एकट्याक जावचां तर चलत जावचां." आणि हसला. त्याच्या धंद्यात गाडी ही दोघांची वस्तू होती. एक चालवणार, एक मागे धरून बसणार. आता आमच्याकडेही पर्यटक येतात ते फोनवर स्कूटर भाड्याने घेतात, पायलट स्टँडवर उभे राहून बघतात. लोकांना चाक हवं असतं, चालवणारा नको असतो. हे त्याला त्या गॅलरीतच समजलं असावं.

एके सकाळी मी खाली सायकल सोडवत होतो. शेजारच्या इमारतीतले जोगळेकर, बँकेतून निवृत्त झालेले, रोज माझ्याबरोबर फेरी मारायचे, तेही आपली सीट खाली-वर करत होते. मी सहज वर बघितलं. गॅलरीत दादा उभा होता, एका डोळ्यावर पट्टी. त्याने मला ओळखलं आणि हात वर केला, स्टँडवरून गिऱ्हाइकाला करतात तसा, पूर्ण उंच. जोगळेकर म्हणाले, "तुम्हालाच का हो?" मी म्हणालो, "नाही, कबुतरं हाकलतायत." आणि पॅडल मारलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. आता तो हे वाचून दाखवल्यावर ऐकेल.

शेवटी तो खाली आलाच. मी आंघोळीला गेलो असताना सईने त्याला नेलं, तिचा त्या दिवशी पेपर नव्हता. मी धावत खाली पोचलो तेव्हा दादा एका सायकलीच्या मागच्या चाकावरून हात फिरवत होता आणि जोगळेकर त्याच्यासमोर उभे होते. सईने ओळख करून दिली होती.

"अरे वा, म्हणजे हेच कॅप्टन," जोगळेकर म्हणाले. "अहो, इतकी वर्षं ऐकतोय. हे तुमचा विषय निघाला की एकच शब्द बोलतात, पायलट. पुढे काही सांगतच नाहीत. कुठल्या मार्गावर होतात?"

दादाने माझ्याकडे बघितलं. एकच डोळा होता, तोही लाल झालेला. त्या एका डोळ्याने त्याला सगळं दिसलं. मग तो जोगळेकरांकडे वळला आणि सांभाळून, शहरातल्या मराठीत बोलू लागला.

"जिथे माणसाला जायचं असेल तिथे."

"वा. हवामान खराब असलं की मोठी पंचाईत?"

"पावसात त्रास. मोपाच्या सड्यावर तर वारा असा की हँडल धरवत नाही."

"हँडल," जोगळेकर मला म्हणाले, "बघा, किती साधेपणाने बोलतात. बरं, सगळ्यात कठीण काय हो? उडणं की उतरणं?"

"उतरवणं," दादा म्हणाला. "मागचा माणूस म्हातारा असला की घाई करायची नाही. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत थांबायचं."

"आमच्या मुलांना एकदा येऊन सांगा हो हे."

"डोळा बरा होऊ दे."

तो एक शब्द खोटं बोलला नाही. मी बाजूला उभा होतो आणि माझ्या हातात कुलूप उघडलेली सायकल होती. फोन सांगत होता की फेरी सुरू झाली आहे. मला ती पुन्हा बंद करायचंही सुचलं नाही.

लिफ्टमध्ये तो आकड्यांकडे बघत राहिला. घरी आल्यावर जेवला. ताट धुवायला घेतलं, सूनबाईने काढून घेतलं. मग म्हणाला, "फाल्यां जातां. पोरीची परीक्षा, उगाच अडचण." दुसऱ्याच दिवशी निघायचं म्हणत होता, आणि पट्टी अजून सुटली नव्हती. मी म्हटलं, राहा. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. पुढची तपासणी त्याने केलीच नाही. डोळा त्यानेच गेला की वयाने, ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. मीही त्यांना फार विचारत नाही.

सायकलीही फार टिकल्या नाहीत. कोणी सीट नेली, कोणी कुलपं फोडली, काही नदीत सापडल्या. एक दिवस टेम्पो आला आणि उरलेल्या भरून घेऊन गेला. चौकोनावरचा रंग तेवढा राहिला, त्यात मग लोकांनी कुंड्या ठेवल्या. सई पास झाली, शिकायला बाहेरगावी गेली, आणि मी गावी परतलो. दादाच्या शेजारच्या खोलीत राहतो. आम्ही पावसाबद्दल बोलतो, माशांच्या भावाबद्दल बोलतो, म्हापशाच्या बाजारात आता काय मिळत नाही त्याबद्दल बोलतो. त्या पुण्याबद्दल तो कधी बोलला नाही. मी त्या गप्प बसण्याला माफी समजून चाललो होतो. तेवढीच मला सोय होती.

ह्या फाल्गुनात सई आली. विमानाने मोपाला उतरली, तिथेच फोनवर एक स्कूटर भाड्याने घेतली आणि वाट विचारत थेट अंगणात आली. ढोल बागेत वाजत होते. वहिनीने तिला पाणी दिलं. दादाने स्कूटर हाताने चाचपली, दिव्यापासून मागच्या सीटपर्यंत.

"बसा मोठे आजोबा, चक्कर मारून आणते."

"नको गो बाय. मागे बसूंची माका सवय नाय."

"एवढी विमानं उडवलीत, आणि स्कूटरला घाबरता?"

दादा माझ्या दिशेला वळला. त्याला मी दिसत नव्हतो, पण मी कुठे बसतो ते त्याला ठाऊक आहे. तो वाट बघत होता असं मला वाटलं. पूर्वीही त्याने अशीच वाट बघितली असेल.

मी म्हणालो, "सई, तो विमानाचा पायलट नव्हता. इथे पेडण्याच्या स्टँडवर मोटारसायकलीचा पायलट होता. आम्ही त्यालाच पायलट म्हणतो. लोकांचा गैरसमज झाला आणि तो मी होऊ दिला."

तिने वहिनीकडे बघितलं, दादाकडे बघितलं. "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मीच राहिले होते." ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "मी कॉलेजमध्ये सगळ्यांना सांगितलंय, आजोबा. आणि त्या दिवशी त्यांना खाली मी घेऊन गेले होते. मला वाटलं, तुम्ही धावत आलात ते काळजीने." ती जाऊन दादाच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली, माझ्याकडे पाठ करून.

दादाने चाचपत तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "आणि त्या जोगळेकराक सांगलंस?"

इतक्या वर्षांत एकदाही त्या सकाळचा विषय न काढलेल्या माणसाला ते नाव पाठ होतं.

"नाही," मी म्हटलं.

"कर फोन."

"आता?"

"मग कधी?"

जोगळेकर अजून मला रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. त्यांनी लगेच उचलला. "बोला, काय म्हणतंय गोवं? कॅप्टन बरे आहेत ना?" मी सुरुवात केली. म्हणालो, गोव्यात ना, पायलट ह्या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे. मग पोर्तुगीज काळापासून सांगू लागलो, मडगार्डाचा रंग सांगितला, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी सगळा दोष त्या शब्दावर टाकतो आहे. जोगळेकर हो, हो, असं का, म्हणत होते. त्यांना काही कळत नव्हतं.

दादाने हात पुढे केला. "दी हांगा."

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा धरला, सईने सरळ करून कानाला लावला. मग तो त्याच जुन्या, सांभाळून बोलायच्या मराठीत म्हणाला, "नमस्कार. मी बाबल. पेडण्याच्या स्टँडवर मोटारसायकल चालवायचो, भाडं न्यायचो. त्या दिवशी तुम्ही पुष्कळ विचारलंत, आणि मला नीट सांगता आलं नाही. आता विचारा."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला. मग जोगळेकरांनी काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही. दादा आपल्या लाकडी खुर्चीवर, कदेलीवर, सरसावून बसला, पाय जमिनीवर नीट टेकवले आणि सांगू लागला. फोन परत घ्यायला मी हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला.